एका कवीची रोजची वाट

बी.ए.च्या वर्गात आम्हाला कीट्सची शरद ऋतूवरची कविता होती. तेहेतीस ओळींची. ती मी पाठ केली, तिच्यावरचं दहा मार्कांचं उत्तरही पाठ केलं, परीक्षेत ते जसंच्या तसं उतरवलं आणि विसरून गेलो. खरं सांगायचं तर ती कविता मला कळलीच नव्हती. आपला शरद म्हणजे पावसाळा सरून धुतल्यासारखं झालेलं आभाळ, कोजागरीचं आटीव दूध, दारावरचं झेंडूचं तोरण. सगळं नव्यानं सुरू होण्याचे दिवस. मग त्याच ऋतूवर लिहिताना हा इंग्रज कवी निरोपाची भाषा का बोलतो? प्राध्यापकांनी सांगितलं की तिकडे शरदापाठोपाठ हिवाळा येतो आणि शेतं, झाडं सारी उघडी पडतात. आम्ही ते वहीत उतरवून घेतलं आणि पुढच्या कवितेकडे वळलो.

ते वाक्य मनात उतरायला पुढं पुष्कळ वर्षं जावी लागली. आणि दोन-अडीच तासांची पायपीट करावी लागली.

इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशर परगण्यात विंचेस्टर नावाचं जुनं गाव आहे. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून आगगाडीनं तासाभराचा रस्ता. एके काळी ही वेसेक्सच्या राज्याची राजधानी होती. नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाचा, तलवार उंच धरलेला पुतळा १९०१ सालापासून गावाच्या खालच्या टोकाला उभा आहे. पण येणारे लोक मुख्यतः येतात ते कॅथेड्रल पाहायला. १०७९ मध्ये ते बांधायला घेतलं. लांबी सुमारे १७० मीटर. म्हणजे या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस बाहुलीएवढा दिसतो. मी गेलो तो सप्टेंबरातला रविवार होता. मुद्दामच रविवार निवडला होता. कारण १८१९ सालच्या सप्टेंबरातल्या एका रविवारी, १९ तारखेला, जॉन कीट्स या गावातून फिरायला निघाला आणि परतल्यावर त्यानं ती कविता लिहिली. त्या वेळी तो तेवीस वर्षांचा होता. चोविसावं पुरं व्हायला दीड महिना बाकी होता.

त्याची ही रोजची फेरी आपल्याला ठाऊक आहे, कारण अमेरिकेला गेलेल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यानं तिचं तपशीलवार वर्णन करून ठेवलं आहे. दुपारच्या जेवणाआधी तासभर चालायचं, हा त्याचा नेम. मुक्कामाच्या घराच्या मागच्या फाटकातून निघून तो कॅथेड्रलच्या आवारात शिरे. झाडांखालची फरसबंद वाट, मग कॅथेड्रलची दर्शनी बाजू, मग डावीकडे वळून एका दगडी कमानीखालून पलीकडच्या चौकात. आजही ही वाट जवळजवळ तशीच आहे. त्या झाडांखालून मीही चालू लागलो. बाकांवर म्हातारी जोडपी ऊन खात बसली होती. एक लहान मुलगी पानं गोळा करत होती. घाई कुणालाच नव्हती.

कीट्सला हे शांत गाव आवडलं होतं. ऑगस्टच्या मध्याला तो आला तो वाइट बेटावरून, चार्ल्स ब्राउन या मित्राबरोबर. लिहायला निवांतपणा हवा होता आणि जवळ एखादं ग्रंथालय हवं होतं. ग्रंथालय काही मनासारखं मिळालं नाही, पण निवांतपणा भरपूर मिळाला. भोवतालच्या टेकड्यांवरची हवा तर त्याला इतकी मानवली की तिला किंमत लावून मोजून विकावी, अशी गंमत त्यानं पत्रात केली आहे. मन उदास झालं की तो उठून तोंड धुवायचा, स्वच्छ शर्ट घालायचा, केस विंचरायचा, बुटांच्या नाड्या बांधायचा आणि बाहेर निघाल्यासारखा नीटनेटका होऊन लिहायला बसायचा. हे वाचलं तेव्हा पाठ्यपुस्तकातला तो दूरचा कवी मला पहिल्यांदा माणसासारखा दिसला.

आणि उदास व्हायला कारणं काही कमी नव्हती. कीट्सचा जन्म १७९५ सालचा, लंडनचा. वडील घोड्यांच्या पागेचं काम पाहणारे. ती पागा आणि तिच्या जोडीची खाणावळ सासऱ्यांच्या मालकीची होती. म्हणजे घर खाऊन-पिऊन सुखी. जॉन आठ वर्षांचा असताना, १८०४ मध्ये, वडील रात्री घरी परतताना घोड्यावरून पडले आणि गेले. दोन-अडीच महिन्यांत आईनं दुसरं लग्न केलं. मुलं आजीकडे आली. आई पुढं परत आली ती आजारी होऊनच. १८१० मध्ये ती क्षयानं वारली. चौदा वर्षांच्या जॉननं तिची सेवा केली होती. मग आजीही गेली. उरली चार भावंडं: जॉन, जॉर्ज, टॉम आणि सगळ्यांत धाकटी फॅनी. वर पालक म्हणून नेमलेले ॲबी नावाचे चहाचे एक व्यापारी. मुलांचा पैसा त्यांच्या हातात, आणि हात आखडता. आजोबांच्या मृत्युपत्रातला आणखी काही पैसा तर न्यायालयात अडकून पडला होता. त्याची जॉनला बहुधा कल्पनाही नव्हती. आयुष्यभर पैशांची चणचण सोसलेल्या या माणसाच्या नावावर पैसे होते आणि ते त्याला मिळाले नाहीत. आपल्याकडेही वाटणीच्या खटल्यांत अशी किती घरं झिजली!

कॅथेड्रलच्या चौकातून बाहेर पडलं की किंग्जगेट नावाची जुनी वेस लागते. वेशीच्या कमानीवर एक चिमुकलं चर्च बसवलेलं आहे. खालून रस्ता, वर देऊळ. कमानीतून पलीकडे गेलं की डावीकडे कॉलेज स्ट्रीट. या रस्त्यावरच्या एका साध्या घरासमोर पर्यटक थांबतात, फोटो काढतात. कारण १८१७ च्या जुलैत इथं जेन ऑस्टेन वारली. उपचारासाठी विंचेस्टरला आली आणि परतली नाही. ती कॅथेड्रलातच पुरलेली आहे. कीट्स तिच्यानंतर दोनच वर्षांनी या घरावरून रोज जात होता. पण थांबण्याचं त्याला काही कारण नव्हतं. जेनच्या हयातीत तिच्या कादंबऱ्यांवर तिचं नावच छापलं जात नसे, आणि कॅथेड्रलातल्या तिच्या शिळेवर तिच्या गुणांची वर्णनं आहेत पण तिनं पुस्तकं लिहिल्याचा उल्लेख नाही. ही शिळा लक्षात ठेवा. पुढं आणखी एका शिळेची गोष्ट यायची आहे.

त्याच रस्त्यावर १३८२ मध्ये स्थापन झालेलं विंचेस्टर कॉलेज आहे. म्हणायला कॉलेज, पण आहे शाळा. तिच्या भिंतीच्या कडेकडेनं गेलं की गाव एकदम संपतं आणि कुरणं सुरू होतात. शहराची वेस आणि गाईगुरांचं कुरण यांच्यात दहा मिनिटांचंही अंतर नाही.

ही कुरणं साधी नव्हेत. इचेन नदीचं पाणी पाटांनी आणि चाऱ्यांनी या गवतावर खेळवलं जाई. गंमत म्हणजे पाणी द्यायचं ते उन्हाळ्यात नव्हे, तर हिवाळ्यात. झऱ्याचं पाणी थंडीतही फारसं गोठत नाही. त्याचा पातळ थर गवतावरून वाहता ठेवला की हिमापासून गवत वाचतं आणि वसंतात मेंढ्यांना लवकर चारा मिळतो. आता पाट बुजत आले आहेत, पण त्यांच्या खुणा हिरवळीत दिसतात. नदी खडूच्या दगडातून झिरपून आलेली, म्हणून काचेसारखी नितळ. तळाचे हिरवे शेवाळाचे झुपके प्रवाहाबरोबर लांब केसांसारखे डुलत असतात आणि त्यांच्या आडोशाला ट्राउट मासे प्रवाहाकडे तोंड करून स्तब्ध उभे असतात. कीट्सनंही या पाण्याच्या स्वच्छतेचा मुद्दाम उल्लेख केला आहे.

त्या पाण्याकाठी बसलो आणि त्याच्या दुसऱ्या आयुष्याचा विचार करू लागलो. कारण कवी होण्याआधी कीट्स जवळजवळ डॉक्टर झाला होता. शाळा संपल्यावर तो एडमंटनच्या एका सर्जनकडे उमेदवारी करू लागला. १८१५ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये शिकायला गेला. पुढच्याच वर्षी ड्रेसर म्हणून नेमला गेला. ड्रेसरनं जखमा बांधायच्या आणि शस्त्रक्रियेच्या वेळी हाताशी उभं राहायचं. भूल देण्याची विद्या यायला अजून तीस वर्षं होती. रोगी शुद्धीवर असताना पाय कापला जाई. ते पाहत आणि ऐकत हा वीस वर्षांचा मुलगा तिथं उभा असे. १८१६ च्या जुलैत त्यानं अपोथेकरीची परीक्षा पास केली, म्हणजे औषधं देण्याचा परवाना मिळाला. आणि मग त्यानं ॲबीसाहेबांना सांगून टाकलं की आपण हा धंदा करणार नाही, कविता करणार. आपल्या घरात एखाद्या मुलानं असं सांगितलं तर काय होईल याची कल्पना करावी. ॲबींचंही तेच झालं.

पहिला संग्रह १८१७ मध्ये निघाला. खपला नाही. दुसऱ्या वर्षी दीर्घकाव्य निघालं आणि त्याच्यावर दोन बड्या नियतकालिकांनी झोड उठवली. एका टीकाकारानं तर औषधांच्या दुकानात परत जाऊन गोळ्या-मलमं वळ असा सल्ला दिला. कीट्स या टीकेनं मेला अशी दंतकथा पुढं पसरली. ती खरी नाही. टीका त्यानं पचवली. त्याला मारणारं कारण घरातच होतं.

१८१८ च्या जूनमध्ये जॉर्ज बायकोला घेऊन अमेरिकेला गेला. जॉन त्या उन्हाळ्यात ब्राउनबरोबर स्कॉटलंडमध्ये शेकडो मैल पायी हिंडला, भिजला, घसा बिघडवून परतला. घरी टॉम अंथरुणाला खिळलेला. आईचाच रोग. ते तीन-चार महिने जॉन त्याच्या उशाशी बसून होता. एकाच खोलीत, खिडक्या बंद. १ डिसेंबर १८१८ ला टॉम गेला. एकोणीस वर्षांचा होता. हा रोग संसर्गानं होतो हे इंग्लंडमधले वैद्य त्या काळी मानत नसत. रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू दाखवला तो १८८२ मध्ये.

इथं थोडं घरातलं सांगतो. आमच्या वाड्यात माजघराच्या भिंतीवर माझ्या थोरल्या काकांचा फोटो होता. कोट, टोपी, आणि फोटोग्राफरनं हसू नको म्हटल्यासारखा चेहरा. १९४५ साली ते क्षयानं गेले. तेविसाव्या वर्षी. स्ट्रेप्टोमायसिन अमेरिकेत सापडून दोन वर्षं झाली होती, पण ते आमच्यापर्यंत पोचायला अवकाश होता. मिरजेला नेऊन आणलं होतं. आजीनं त्यांचा पितळी पेला वेगळा ठेवला होता आणि ते गेल्यावरही तो कधी वापरात घेतला नाही. गादी जाळली, खोलीला चुना दिला. घरात त्यांच्याविषयी कुणी फारसं बोलत नसे. मी त्यांना पाहिलेलं नाही. तरी टॉमच्या उशाशी बसलेला जॉन वाचताना मला नेहमी ते माजघर दिसतं.

कुरणं ओलांडून मैलभर गेलं की झाडांतून सेंट क्रॉसचा चौकोनी मनोरा दिसू लागतो. हे एक धर्मादाय आश्रयस्थान. हेन्री ऑफ ब्ल्वा या बिशपनं ते ११३० च्या दशकात तेरा गरीब, थकलेल्या पुरुषांसाठी स्थापलं. आजही इथं वृद्ध राहतात. काळे किंवा लाल झगे घालतात. आणि आठ-नऊशे वर्षांची इथली एक चाल अजून चालू आहे. दाराशी येऊन कुणी वाटसरूचा वाटा मागितला की त्याला पावाचा तुकडा आणि शिंगाच्या पेल्यात थोडी बिअर मिळते. मागावी मात्र लागते. आपल्याकडची अन्नछत्रं आणि धर्मशाळा पाहिलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही. मीही मागितलं. खिडकीतल्या गृहस्थांनी कसलीही चौकशी न करता एवढासा पाव आणि घोटभर बिअर पुढं केली. मी पाव खाल्ला. बिअर ओठाला लावली न लावली आणि आभार मानून निघालो.

कीट्सला हे ठिकाण आवडे. त्या सप्टेंबरात त्याची स्वतःची परिस्थितीही मागणाऱ्याचीच होती. मित्रांकडे उसने पैसे मागणारी पत्रं तो लिहीत होता. ब्राउनच्या साथीनं त्यानं एक नाटक लिहिलं होतं. एडमंड केन या मोठ्या नटानं ते रंगभूमीवर आणलं तर पैसे मिळतील ही आशा. तेवढ्यात केन अमेरिकेला जाणार अशी बातमी आली. मग १० सप्टेंबरला जॉर्जचं पत्र: सगळा पैसा एका बोटीच्या व्यवहारात बुडाला, काहीतरी पाठव. त्या व्यवहारात ज्यानं फसवलं असं कीट्सला वाटत होतं, तो ऑडुबॉन पुढं पक्ष्यांच्या चित्रांसाठी जगप्रसिद्ध झाला. कीट्स तातडीनं लंडनला गेला, ॲबींना भेटला, फारसं काही हाती न लागता १५ तारखेला विंचेस्टरला परतला. त्या चार-पाच दिवसांत हॅम्पस्टेडला जाऊन फॅनी ब्रॉनला भेटणं त्यानं टाळलं. तिच्यावर त्याचं जिवापाड प्रेम होतं. पण लग्न कशाच्या जोरावर करायचं? भेटलो तर पुन्हा परत येववणार नाही, ही भीती.

आपल्या दृष्टीनं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच वर्षी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, कीट्सच्या मनात हिंदुस्थानला ये-जा करणाऱ्या जहाजावर डॉक्टर म्हणून नोकरी धरायचा विचार घोळत होता. ब्राउननं तो हाणून पाडला. एरवी पेशवाई बुडाल्याच्या दुसऱ्या वर्षी हा लहानखुरा, पाच फूट उंचीचा डॉक्टर आपल्या एखाद्या बंदरात उतरला असता. कदाचित उन्हानं वाचलाही असता. कविता मात्र राहिल्या असत्या.

सेंट क्रॉसवरून कुरणातून नदीकडे आलं की कीट्सच्या पत्रातली वाट संपते. फेरी पुरी करायला मी पूल ओलांडून समोरच्या सेंट कॅथरिन्स हिलवर चढलो. लाकडी पायऱ्या आहेत. चढ दमवणारा, पण थोडाच. माथ्याभोवती लोहयुगातल्या किल्ल्याचा खंदक, मधे बीच झाडांची राई, आणि गवतात कोरलेली एक चौकोनी भूलभुलय्याची वाट. इथून सगळं गाव एका नजरेत येतं. कॅथेड्रल लांबट होडीसारखं झाडांत नांगरलेलं दिसतं. पाठीमागं मात्र मोटारींचा अखंड घोंगावा. इथल्या ट्वायफर्ड डाउन या टेकडीचं पोट फाडून महामार्ग नेला आहे. १९९२ मध्ये तरुण मुलांनी टेकडीवर तळ ठोकून त्याला विरोध केला. त्यांना उचलून नेलं आणि १९९४ मध्ये रस्ता सुरू झाला. पांढऱ्या खडूची ती खाच दुरूनही दिसते.

त्या रविवारी कीट्स नेमका कुठल्या शेतापाशी थांबला? बरीच वर्षं लोक समजत होते की नदीकाठची वाट हीच कवितेची वाट. २०१२ मध्ये काही अभ्यासकांनी जुने कागद तपासून मांडलं की ते शेत गावाच्या पूर्वेला, सेंट जाइल्स हिलच्या उतारावर असावं. तिथं आता मोटारी उभ्या करायची जागा आहे. मी वरून त्या बाजूला बघितलं. काचांवर ऊन चमकत होतं.

शेत कुठलंही असो, त्याला काय दिसलं ते त्यानं दोन दिवसांनी रेनॉल्ड्स या मित्राला कळवलं. पीक कापून नेलेलं रान. नुसती धसकटं उभी. आणि ते रिकामं रान त्याला वसंतातल्या कोवळ्या हिरव्यापेक्षा उबदार वाटलं, एखादं चित्र उबदार वाटतं तसं. बस्स, इतकंच घडलं. एक गरीब, कर्जबाजारी, भाऊ गमावलेला, प्रेयसीपासून दूर राहिलेला तरुण कापलेल्या शेतापाशी थांबला, आणि त्याला ते शेत उजाड न दिसता ऊन पिऊन तृप्त झालेलं दिसलं.

टेकडीवर बसून मी ती कविता पुन्हा वाचली. परीक्षेनंतर पहिल्यांदाच. पहिल्या कडव्यात फळं पिकतात, वेल लगडतात, मधमाश्यांची पोळी भरून वाहतात. दुसऱ्यात शरद ऋतूच माणूस होऊन खळ्यावर निवांत बसतो, अर्ध्या कापलेल्या शेतात पेंगतो, सफरचंदांचा रस थेंब थेंब गळताना बघत राहतो. तिसऱ्यात दिवस मावळतो आणि नुसते आवाज उरतात: चिलटांचे, मेंढ्यांचे, रातकिड्यांचे, आणि शेवटी दूर देशी जायला आकाशात जमणाऱ्या पाकोळ्यांचे. कविता तिथंच थांबते. हिवाळ्याचं नाव नाही. मृत्यूचं नाव असलंच तर मावळणाऱ्या दिवसापुरतं. आणि सबंध कवितेत मी हा शब्द एकदाही येत नाही. स्वतःबद्दल बोलायला एवढं कारण असलेल्या माणसानं स्वतःला पूर्ण बाजूला ठेवून रानाकडे पाहिलं. दहा मार्कांच्या उत्तरात हे नव्हतं. किंवा असेल, आणि मी ते न समजता पाठ केलं असेल.

उतरून मी जुन्या कालव्याच्या काठानं गावाकडे निघालो. १७१० मध्ये सुरू झालेला हा जलमार्ग समुद्राकडून कोळसा आणायचा. १८६९ मध्ये बंद पडला. नावा ओढणारी घोडी ज्या काठानं चालत, ती वाट आता फिरणाऱ्यांची आहे. सपाट, सावलीची. एकूण फेरा पाच-सहा किलोमीटरचा. लहान मुलं, म्हातारी माणसं, कुणीही सहज करावा असा. कीट्सची पुढची वाट मात्र सोपी नव्हती, आणि पुढचं सांगायला फार वेळही लागत नाही.

ऑक्टोबरात तो विंचेस्टर सोडून लंडनला गेला. फॅनीशी लग्न ठरलं. ३ फेब्रुवारी १८२० च्या रात्री, पैसे वाचवण्यासाठी घोडागाडीच्या बाहेरच्या जागेवर थंडीत बसून तो घरी आला. अंथरुणावर पडताना खोकल्याबरोबर रक्ताचा थेंब पडला. त्यानं मेणबत्ती मागवली, रंग पाहिला. हे रक्त रोहिणीतलं आहे, म्हणजे हा आपला मृत्यूचा हुकूम आहे, हे डॉक्टरकी शिकलेल्या त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागलं नाही. जुलैत तिसरा संग्रह निघाला. त्यात ती शरदाची कविता होती. या वेळी काही परीक्षणं चांगली आली. पण डॉक्टर म्हणाले, इंग्लंडचा हिवाळा झेपणार नाही, इटलीला जा. सप्टेंबरात जोसेफ सेव्हर्न या चित्रकार मित्राबरोबर तो जहाजात बसला. नेपल्सच्या बंदरात साथीच्या भीतीनं जहाज दहा दिवस अडकवून ठेवलं. त्याचा पंचविसावा वाढदिवस त्याच सुमारास आला.

रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांशेजारच्या घरात त्याला ठेवलं. त्या काळच्या रीतीप्रमाणे डॉक्टरांनी त्याचं रक्त काढलं आणि खाणं जवळजवळ तोडलं. दिवसाला एक खारवलेला मासा आणि पावाचा तुकडा. फॅनीची पत्रं येत. ती उघडून वाचायचं त्याला बळ नव्हतं. २३ फेब्रुवारी १८२१ ला सेव्हर्नच्या हातांवर तो गेला. न उघडलेली पत्रं त्याच्याबरोबर पुरली. रोमच्या कायद्याप्रमाणे खोलीतलं सामान जाळलं, भिंती खरवडल्या. हे वाचताना मी थांबलो होतो. गादी जाळली, चुना दिला. सव्वाशे वर्षांनंतर, हजारो मैलांवर, तेच.

रोममधल्या त्याच्या शिळेवर एका तरुण इंग्रज कवीचा उल्लेख आहे, पण नाव नाही. त्याचीच तशी इच्छा होती. आपलं नाव पाण्यावर लिहिलेलं, ते टिकायचं नाही, असं त्याला वाटत होतं. इकडे विंचेस्टरला जेन ऑस्टेनच्या शिळेवर नाव आहे, पण लेखिका असल्याचं नाही. दोघांच्याही शिळा अपुऱ्या राहिल्या. वाचकांनी पुढं त्या पुऱ्या केल्या. फॅनी ब्रॉननं पुष्कळ वर्षं दुःख पाळलं, १८३३ मध्ये लग्न केलं, संसार केला, आणि कीट्सची पत्रं शेवटपर्यंत जपून ठेवली. सेव्हर्न १८७९ पर्यंत जगला. त्याला मित्राच्या शेजारीच जागा मिळाली.

गावात परतलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. गिरणीखालून नदी खळाळत होती. आज क्षयाला औषध आहे. सहा महिने नेमानं घेतलं तर बहुतेक रोगी ठणठणीत बरे होतात. तरीही जगात सगळ्यांत जास्त क्षयरोगी आपल्या देशात आहेत, आणि त्यांतली कितीतरी तेवीस-चोवीस वर्षांची मुलं आहेत. त्यांच्यात कोण काय होणार होतं, कुणाला माहीत?

वडील एकदाच काकांविषयी बोलले होते. म्हणाले, आजारपणातही दादा रोज संध्याकाळी मळ्यातून नदीपर्यंत जायचा आणि पलीकडच्या वाटेनं घरी यायचा. डॉक्टरांनी मोकळी हवा घ्यायला सांगितलं होतं म्हणून. मी तेव्हा लहान होतो, पुढं काही विचारलं नाही. परक्या मुलखातल्या कवीची वाट मी नकाशा घेऊन चाललो आणि ती वाट अजून पाहिली नाही. पुढच्या खेपेला गावी जाईन तेव्हा जाणार आहे. ज्वारी काढून झाल्यावर, रान मोकळं असेल तेव्हा.